अर्धे आयर्लंड

एप्रिल १९१६च्या शेवटच्या आठवड्यात डब्लिनमधल्या बंडखोरांनी शहराची मुख्य टपाल कचेरी ताब्यात घेतली आणि प्रजासत्ताकाची घोषणा केली. ही सोमवार, २४ तारखेची गोष्ट. शनिवारी, २९ तारखेला, ते शरण आले. मधल्या शुक्रवारी, २८ एप्रिलला, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. या केळकरांनी मराठीत ‘आयर्लंडचा इतिहास’ नावाचे पुस्तकच लिहिलेले होते. लीगचे नाव आयर्लंडचे, मागणी आयर्लंडची आणि सनदशीर चळवळीचा नमुनाही तिथलाच.

गंमत अशी की ज्या आठवड्यात बेळगावाने ‘होमरूल’ हा शब्द अंगावर घेतला, त्याच आठवड्यात डब्लिनने तो टाकायला सुरुवात केली. १९१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने आयर्लंडचा होमरूल कायदा मंजूर करून युद्धाच्या नावाखाली तहकूब ठेवला होता. डिसेंबर १९१८च्या निवडणुकीत होमरूलवाल्या पक्षाच्या हाती सहा जागा उरल्या आणि प्रजासत्ताकवाल्या शिन फेनने ७३ जिंकल्या. पण आमच्याकडे त्या शब्दाने काम केले. लीगच्या प्रचारात बेळगाव आणि अहमदनगरला दिलेल्या भाषणांवरून टिळकांवर वीस हजारांच्या जातमुचलक्याचा हुकूम निघाला, जीना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने हुकूम रद्द केला. हे सगळे शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असे की रत्नागिरीत जन्मलेल्या या पुढाऱ्याने आयर्लंडकडून जे घेतले ते अर्धेच होते. राहिलेले अर्धे खुद्द रत्नागिरीच्या भातखाचरांना जास्त लागू पडत होते.

ते अर्धे म्हणजे जमीन. आयर्लंडचा इतिहास इंग्रजांच्या तारखांनी वाचला तर तो लढायांचा वाटतो. जमिनीच्या बाजूने वाचला तर तो फार ओळखीचा वाटू लागतो.

इंग्रजी अमलापूर्वीच्या आयर्लंडमध्ये ब्रेहन नावाचे न्यायपंडित परंपरेने चालत आलेला कायदा सांगत. जमीन कुळीची, मोजमाप गुरांचे. दंड गायींत, मानमरातब गायींत. आयरिशांच्या सर्वांत प्रसिद्ध प्राचीन आख्यानाचा विषयसुद्धा एका बैलासाठी केलेली स्वारी. विराटपर्वातले गोग्रहण लहानपणी ऐकलेल्या माणसाला त्यात परके काही वाटणार नाही. त्याहून चकित करणारी गोष्ट वसुलीची. प्रतिवादी बडा असेल तर फिर्यादीने त्याच्या दारात उपाशी बसायचे, आणि त्याने तिकडे दुर्लक्ष केले तर त्याची अब्रू गेली. पेशवाईत थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरत, ते हेच. हिंदुस्थान सरकारचा कायदेमंत्री राहिलेल्या हेन्री मेनने १८७५च्या आपल्या पुस्तकात या दोन प्रथा शेजारी ठेवल्या आणि युरोपातल्या पंडितांना विचारात पाडले. पुढे १९२०त कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या तुरुंगात ७४ दिवस उपाशी राहून मेला, १९२९त लाहोरला जतीन दास ६३ दिवसांनी गेला. या उपोषणांचे मूळ आधुनिक राजकारणात शोधणारे ते फार अलीकडे शोधतात.

तर जमीन कुळीची होती. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५४०नंतर, इंग्रजांनी एक साधी युक्ती केली. आयरिश सरदाराने आपला मुलूख राजाला अर्पण करायचा आणि राजाने तोच मुलूख इंग्रजी सरदारकीच्या किताबासह त्याला परत द्यायचा. कॉन ओनील १५४२त असा ‘टायरोनचा अर्ल’ होऊन आला. वरून पाहता काहीच बदलले नाही. माणूस तोच, डोंगर तेच. पण जो काल कुळीने निवडलेला म्होरक्या होता तो आज मालक झाला, आणि त्याचे भाऊबंद रयत झाले. पुढचा इतिहास उघडावाघडा लुटीचा आहे: १६०९नंतर अल्स्टरमध्ये बाहेरून माणसे आणून वसवली, क्रॉमवेलने बंडखोर कॅथलिक जमीनदारांना शॅनन नदीच्या पलीकडे रेटले, मग कॅथलिकांना जमीन विकत घेण्याचीही बंदी आली. १७०३च्या सुमारास कॅथलिकांकडे, म्हणजे देशातल्या बहुसंख्य लोकांकडे, सुमारे १४ टक्के जमीन उरली होती. तरी मला १५४२ची ती कागदी देवघेवच अधिक शिकवणारी वाटते.

कारण तेच आपल्या कोकणात झाले. खोत हा मुळात गावाचा वसुलीचा मक्तेदार. आदिलशाहीत, मराठेशाहीत त्याने सरकारला ठरलेला सारा भरावा, गावातून तो गोळा करावा आणि मधले स्वतः खावे. १८१८नंतर इंग्रज आले, मोजणी करू लागले आणि त्यांना प्रश्न पडला, की हा मालक की मुनीम? अर्धे शतक कचेऱ्यांनी त्यावर कागद काळे केले. शेवटी खोती कायदा झाला तो १८८० साली. त्यात कुळांना काही संरक्षण मिळाले, पण खोताचे गावावरचे आसन पक्के झाले.

खोतीत काय होत असे ते जवळून पाहायचे तर अभावणी पाहावी. भात पिवळे पडले की खोताचा माणूस बांधावर येऊन उभा राही. कापणी व्हायची असे, झोडणी तर लांबच. तो नजरेने पीक जोखी आणि आकडा सांगे. त्या आकड्याचे अर्धे खोताचे. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीत तिसरा हिस्सा. नंतर वाऱ्याने भात लोळले, उंदीर-डुकरांनी खाल्ले, तर तो तोटा कुळाचा. आकडा बांधावर बोलला गेला तो गेला. वर वेठ होतीच. खोताचे शेत आधी लावायचे, मग स्वतःचे. आणि कोकणातल्या पावसात लावणी आठ दिवस मागे पडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. खोत सगळे ब्राह्मण नव्हते. मराठे होते, मुसलमान होते. कुळे मात्र बहुतेक कुणबी आणि महार.

आता १८८० सालचे आयर्लंड. आदल्या वर्षी मायो परगण्यातून लँड लीग उठली होती. तिचा कर्ता मायकेल डेव्हिट. त्याच्या लहानपणीच आईबापांना घरातून हुसकावलेले, लँकेशरच्या कापड गिरणीत अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात गेलेला. तिचा अध्यक्ष पार्नेल, स्वतः जमीनदार, धर्माने प्रॉटेस्टंट आणि होमरूल पक्षाचा पुढारी. १८८०च्या सप्टेंबरात पार्नेलने सभेत सांगितले, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका. महिनाभरात लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्या शेतावर मजूर येईनात, दुकानदार सामान देईना, टपाल पोचेना. त्याचे बटाटे आणि सलगम काढायला अल्स्टरहून पन्नास स्वयंसेवक आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई आले. भर पावसात तंबू ठोकून पीक निघाले. खर्च पिकाच्या कितीतरी पट. बॉयकॉट देश सोडून गेला आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टनला कुळांच्या हक्कांचा कायदा करावा लागला.

बहिष्काराचे हे हत्यार वंगभंगानंतर आपण उचलले, पण ते मँचेस्टरच्या कापडावर चालवले. जमिनीवर नाही. टिळकांना हत्याराचा दुसरा उपयोग ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पीक बुडाले असेल तर सारा भरू नका, फॅमिन कोडाप्रमाणे सूट मागा, असे ‘केसरी’ शेतकऱ्याला निक्षून सांगत होता. ते लिखाण आजही अंगावर येते. पण तिथे घेणेकरी सरकार होते. दोन-तीन वर्षांत खोती कायद्याच्या दुरुस्तीचा प्रश्न आला तेव्हा तोच ‘केसरी’ खोतांच्या बाजूने उभा राहिला. टिळकांच्या घराण्याकडे दापोली तालुक्यातल्या चिखलगावची खोती होती. पण एवढ्यावर त्यांना निकालात काढणे मला पटत नाही, कारण पार्नेलही जमीनदारच होता. खरी अडचण वेगळी. आयर्लंडमध्ये जमीनदार धर्माने परका, वंशाने परका, पुष्कळदा लंडनला राहणारा; त्याच्याविरुद्ध भांडणे आणि इंग्रजाविरुद्ध भांडणे हे एकच भांडण होते. आमचा खोत गावातच राहायचा, त्याचा मुलगा फर्ग्युसनमध्ये शिकायचा आणि ‘केसरी’चा वर्गणीदार असायचा. खोतावर बहिष्कार घालायचा तर चळवळीच्या अर्ध्या घरांवर घालावा लागला असता. ऐक्य टिकवायचे म्हणून जमीन बाजूला ठेवली गेली. तो व्यवहार समजतो. त्याची किंमत कुळांनी दिली.

इथे एक सांगितले पाहिजे, की आयर्लंड आमच्याकडे फक्त बंडखोर म्हणून आले नाही. वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला बांधून घेणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली आणि १८०३त असईला शिंद्यांचा तोफखाना मोडणारा त्याचा भाऊ आर्थर, दोघेही आयर्लंडचेच. श्रीरंगपट्टणच्या विजयानंतर रिचर्डला आयरिश सरदारकी मिळाली तेव्हा त्याने तिला सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा म्हणून नाक मुरडले होते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून उचलून रत्नागिरीला पाठवले ते ज्या व्हाइसरॉयच्या अमलात, तो लॉर्ड डफरिन डाउन परगण्यातला मोठा जमीनदार. आयरिश कुळांच्या हक्कांविरुद्ध त्याने १८६७ साली पुस्तक लिहिले होते. नंतर त्याने आपल्या किताबात ‘आवा’ हे जुन्या ब्रह्मी राजधानीचे नाव जोडून घेतले. रत्नागिरीतला थिबा पॅलेस पाहताना डफरिनची आठवण कुणाला होत नाही, व्हायला हरकत नाही.

राहिलेले अर्धे आयर्लंड कोकणात आले, पण उशिरा आणि दुसऱ्या हातांनी. १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरीला नारायण नागू पाटलांच्या मागे शेतकऱ्यांनी खोतांची शेते कसायची नाहीत असे ठरवले. सहा वर्षे भातशेती ओसाड राहिली. माणसांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बॉयकॉटच्या शेतावरचा संप महिन्या-दोन महिन्यांचा होता. ज्यांच्या मूळ गावी, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्यात, ही पद्धत घरोघरी ठाऊक होती, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८त कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. त्याच १९३७च्या जुलैत आयर्लंडने आपला पुढारी डी व्हॅलेरा याची राज्यघटना स्वीकारली होती. तिच्यातली मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना पुढे आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तयार केलेल्या आपल्या घटनेत आली.

म्हणजे क्रम उलटा झाला. आयरिश कुळाला आधी जमीन मिळाली, १९०३च्या कायद्याने सरकारी कर्जावर जमीनदारांकडून विकत घेऊन, आणि राज्य नंतर, १९२२ला. आमच्याकडे राज्य १९४७ला, खोती रद्द करणारा कायदा १९४९ला, आणि कसणाऱ्याला मालक ठरवणारा कृषकदिन १ एप्रिल १९५७ला.

आधी जमीन मिळाल्याने आयर्लंडचे सगळे भले झाले असे मात्र नाही. जमीन मिळण्याच्या कितीतरी आधी, १८४५च्या बटाट्याच्या रोगाने सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशाबाहेर गेली; त्यांत आयरिश बोलणारे फार होते, आणि १८९३त गेलिक लीग निघेपर्यंत भाषा पश्चिमेच्या काठावर उरली होती. नवे राज्य ती शाळेतून परत आणू शकले नाही. डेव्हिटच्या मायो परगण्यात १८४१ साली सुमारे ३ लाख ८९ हजार माणसे होती. जमीन कुळांची झाल्यावरही मुलगे बोस्टनला आणि लंडनला जातच राहिले. १९७१ साली तिथे १ लाख १० हजारही उरली नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजार होती, २०११ला १६ लाख १५ हजार. सारे राज्य वाढत असताना कमी झालेली. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांची नातवंडे आता वसई-विरार, डोंबिवलीला आहेत. सातबाऱ्यावर चुलत-आते मिळून वीस-पंचवीस नावे असतात आणि शिमग्याला त्यांतली निम्मी येतात. वरकस पडीक आहे, खाचरांत रान माजले आहे. हापूसच्या बागांत राखण आणि फवारणी करायला नेपाळहून माणसे येतात, बागेतच खोपटात राहतात आणि हंगामाचा पगार घरी पाठवतात. सातबाऱ्यावर कुळाचा रकाना अजून छापलेला असतो. त्यांचे नाव तिथे लावा, असे कुणी म्हणत नाही, आणि तेही मागत नाहीत.