हवा आधी मोजा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाण्याची लोखंडी टाकी पावसाळाभर झाकण लावून पडली होती. दिवाळीआधी ती आतून घासून रंगवायची ठरलं. काम किरणकडे आलं.

पोरगा शिस्तीचा. दाढीचे खुंट असले की मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि फटीतून धूळ आत शिरते, हे ठाऊक असल्यानं सकाळीच गुळगुळीत दाढी करून आला. रेस्पिरेटरला धूळ आणि रंगाची वाफ दोन्ही अडवणारी कार्ट्रिजं लावली. त्यांवर तळवे दाबून श्वास ओढला. मास्क गालांना घट्ट चिकटला. मग त्यानं टाकीचं झाकण उघडून शिडी आत सोडली.

"थांब रे!" मेंटेनन्सचे अण्णा लांबूनच ओरडले. "मीटर लावलास का?"

"अण्णा, टाकीत केमिकल कधी नव्हतंच. वासही येत नाही. आणि मास्क आहे की."

अण्णांनी गॅस मीटर दोरीला बांधून हळूहळू खाली सोडलं. निम्म्यावर जाताच ते वाजायला लागलं. वर ओढून त्यांनी नोंदलेला सर्वांत कमी आकडा किरणला दाखवला. ऑक्सिजन ९ टक्के.

"बाहेर २०.९ असतो. १९.५ च्या खाली गेला की हा मास्क घालून उतरायचं नाही. ९ वर तर शिडी उतरता उतरताच शुद्ध जायची."

"पण ऑक्सिजन गेला कुठं?"

अण्णांनी बॅटरीचा झोत आत टाकला. भिंती तांबड्या झाल्या होत्या. "गंजानं खाल्ला. लोखंड गंजताना ऑक्सिजन ओढून घेतं. झाकण बंद, नवी हवा येणार कुठून?"

"आणि मास्क?"

"तो गाळणी आहे, बाळा. पातेल्यात चहाच नसेल तर गाळणी काय देणार?"

"आत कुणी पडलाच तर?"

"मागोमाग उतरायचं नाही. काढायला गेलेलेही बरेच मेलेत अशा टाक्यांत. म्हणून आधीच पट्टा बांधायचा, दोरी बाहेर ठेवायची, आणि तोंडाशी एक माणूस."

ब्लोअर लावला. वर, मध्ये, तळाशी, तिन्हीकडं २०.९ दिसल्यावरच पट्टा बांधून किरण उतरला. ब्लोअर चालूच ठेवला, मीटर त्याच्या कमरेला राहिलं आणि दोरी धरून अण्णा तोंडाशी बसले.

तात्पर्य : मास्क हवा गाळतो, हवा देत नाही. म्हणून आधी हवा मोजावी, मग मास्क निवडावा.