प्रवासातील नित्यनेम

पहाटे उठून धावण्याचा नियम करणारी माणसे अलीकडे आपल्या गावांतून पुष्कळ दिसतात. पणजीस मिरामारच्या किनाऱ्यावर, वडोदऱ्याच्या कमाटी बागेत, हैदराबादेस हुसेनसागराच्या काठी उजाडण्यापूर्वीच त्यांची पावले वाजू लागतात. यांपैकी अनेकजण नोकरदार, व्यापारी अथवा आमच्यासारखे वकील असतात व कामासाठी त्यांस वारंवार परगावी जावे लागते. घरी वर्षभर बिनतक्रार चाललेला नियम परगावच्या लॉजमध्ये पहिल्याच पहाटे मोडतो, हा अनुभव बहुतेकांचा आहे. कारणेही ठरलेली असतात. रात्रीचा प्रवास झाला, रस्ते अनोळखी, अकराला सुनावणी, आणि सरतेशेवटी, “चार दिवसांनी काय बिघडते?”

हे शेवटचे कारण क्षुल्लक दिसते. परंतु त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जो नियम कोणी लादलेला नाही, ज्याच्या भंगाने दुसऱ्याचे काही जात नाही आणि परक्या गावात तो पाळला की मोडला हे पाहणारे कोणी नाही, तो नियम आपणांस बांधतो तो कशाच्या बळावर?

कायद्याच्या दृष्टीने पाहता उत्तर प्रतिकूलच दिसते. १८७२ च्या करार अधिनियमाचे ६३ वे कलम असे की, ज्याला वचन दिले तो वचनाची पूर्ती सर्वस्वी अथवा अंशतः माफ करू शकतो, मुदतही वाढवून देऊ शकतो. धावण्याचे वचन देणारे आम्ही व घेणारेही आम्हीच. मग माफीला विलंब तो कसला? हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६५१ च्या आपल्या ‘लेव्हायथन’ ग्रंथात राज्यकर्त्याच्या संदर्भात हाच युक्तिवाद केला आहे. स्वतःला घातलेली गाठ स्वतःस केव्हाही सोडता येत असल्यामुळे तिला बंधन म्हणणे व्यर्थ, असा त्याचा आशय. हे खरे मानले, तर आपले सारे नियम म्हणजे नुसत्या इच्छा ठरतात.

या कोड्याचा निम्मा उलगडा मीमांसकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. कर्मे नित्य व काम्य अशी दोन प्रकारची. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात असा विचार आला आहे की, एखादे कर्म सर्व अंगांसह करणे शक्य नसेल तर काय करावे? निर्णय असा, की नित्य कर्म जेवढी अंगे जमतील तेवढ्यांसह करावे, पण टाकू नये. काम्य कर्म मात्र सांगोपांग करता येत असेल तरच हाती घ्यावे, कारण अंग राहिले की फळ नाही. व्यायाम हे काही वेदविहित कर्म नव्हे. परंतु ही दोन कर्मे म्हणजे मनाच्या दोन वृत्तीही आहेत, आणि धावणाऱ्यांतही त्या दोन्ही आढळतात. एक जण ठराविक अंतर ठराविक वेळात कापण्यासाठी धावतो. त्याचे धावणे काम्य. आठ किलोमीटरांची वाट मिळाली नाही, घड्याळ विसरले, बागेचे दार उशिरा उघडले, की त्याचा दिवस वाया जातो. मग तो अंथरुणातच राहतो. दुसऱ्याने धावणे नित्य करून टाकलेले असते. आठ किलोमीटर नाही तर दोन, बाग नाही तर लॉजच्या मागची गल्ली, तीही नाही तर जिना. प्रवासात टिकतो तो या दुसऱ्याचा नियम.

‘यथाशक्ति’ हा शब्द केवळ समाधानासाठी नाही; शरीराचा धर्मही त्याला दुजोरा देतो. अमेरिकेतील हिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही व्यक्तींकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे कसून व्यायाम करून घेतला. पुढील पंधरा आठवडे त्यांतील काहींची वेळ सव्वीस मिनिटांवर व काहींची तेरा मिनिटांवर आणली. जोर मात्र तोच ठेवला. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल शक्ती दोन्ही गटांत टिकून राहिली. तेरा मिनिटेवाल्यांची दीर्घकाळ दम धरण्याची ताकद तेवढी घटली. म्हणजे मुक्कामावरची तेरा मिनिटे घरच्या चाळिसांची बरोबरी करीत नसली, तरी पुष्कळ काही राखतात.

आता हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, चार दिवसांच्या खंडाने शरीराचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते दुसरेच. आज ऐकून घेतलेली सबब उद्या नजीर म्हणून पुढे येते, आणि नजिरीचा महिमा वकिलांस सांगावयास नको. एकदा ‘परगाव’ ही सबब मान्य झाली, की पुढे पाऊस, लग्नसराई, पाहुणे या सर्वांचे अर्ज त्याच नजिरीवर मंजूर होतात.

अडचण अशी की, या खटल्यात आरोपी, वकील व न्यायाधीश एकच आहेत. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र; ते येथे पाळता येत नाही. पाळता येते ते इतकेच, की गजर वाजताच कायदा करण्यास बसू नये. कोणती कारणे मान्य, हे घरी, पुरत्या जागेपणी ठरवून निघावे. आम्ही तीनच मान्य करतो: ताप अथवा दुखापत, जेथे धावणे धोक्याचे अशी वाट वा हवा, जशी दिल्लीची हिवाळ्यातील धुराने भरलेली पहाट, आणि दुसऱ्याप्रति असलेले कर्तव्य. बाकीच्या तयारीत बूट पिशवीत सर्वांत वर ठेवणे आणि लॉजच्या व्यवस्थापकाकडे आदल्या रात्रीच वाटेची चौकशी करणे, एवढेच येते. अनुकल्प, म्हणजे मुख्य विधीच्या जागी योजलेला गौण विधी, धर्मशास्त्राला मान्य आहे. परंतु मुख्य विधी करण्याची शक्ती असताना जो अनुकल्पावर भागवतो त्याला फळ नाही, असा इशारा मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात दिलेला आहे. मोकळी वाट आणि मोकळा तास असताना जिन्यावर समाधान मानणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

तिसऱ्या कारणाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे; कारण नियमी माणसांचा पाय येथेच घसरतो. काही वर्षांपूर्वी एका अपिलासाठी आम्ही मुंबईस होतो. पक्षकार गोव्याचे एक वृद्ध गृहस्थ. मुलगा राहत होता ती गिरगावातील खोली हातची जाण्याची वेळ आली होती. रात्रभर बसने येऊन पहाटे साडेपाचलाच ते लॉजच्या बाकावर बसले होते. आम्हांला बूट घालून उतरताना पाहून ते उठले आणि म्हणाले, “वकीलबाब, तुमी वचून येयात. हांव रावतां.” त्यांच्या हातातील कागदांची पिशवी थरथरत होती. आम्ही चहा मागविला व कागद पुन्हा एकदा त्यांच्यासमवेत वाचले. धावणे झाले ते सायंकाळी, न्यायालयासमोरील ओव्हल मैदानाच्या कडेने, पंधरा मिनिटे. भ्यालेल्या माणसाला बाकावर ठेवून जो आपला नेम पुरा करतो, त्याचा नेम म्हणजे अहंकाराची पूजा होय. नियम आपणांस दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यास समर्थ करतो, म्हणून तो मोलाचा. त्यासाठी दुसऱ्याला ताटकळत ठेवणे हे त्याच्या हेतूलाच सोडून आहे.

आणि येथेच हॉब्जला उत्तर सापडते. भारतीय न्यायालयांनी देवतेस विधिमान्य व्यक्ती मानले आहे. देवस्थानच्या महाजनांना व्यवस्थेचा अधिकार असतो. पण देवाची तक्रार नाही म्हणून आजची पूजा आम्ही माफ करतो, असे त्यांस म्हणता येत नाही. ते विश्वस्त आहेत. जे त्यांचे नाही ते माफ करण्याचा हक्क त्यांस नाही. देहाविषयीही आम्हांस असेच वाटते. त्याच्यावर घरच्यांचा भार आहे, पक्षकारांचा भरवसा आहे, आणि साठीनंतर ज्याला त्यात राहावयाचे आहे, त्या आपल्याच उत्तरवयाचाही हक्क आहे. लॉजमधील झोपाळू गृहस्थ हा त्या देहाचा केवळ आजच्या पहाटेपुरता वहिवाटदार. त्याची माफी ६३ व्या कलमात बसत नाही. कारण वचन त्याला दिलेलेच नव्हते.

स्थळ बदलले म्हणून नित्य बदलत नाही, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. मंगेशाचे हे स्थलांतर १५६० चे. आजची भव्य देवालये पुढील काळातील; पूजा मात्र देवालयांची वाट पाहत थांबली नाही. उत्तरेस व दक्षिणेस पांगलेल्या घराण्यांनी कुळाचार असाच बरोबर नेला. संकल्पाचा विधीही याच जाणिवेने रचलेला आहे. कर्त्याने प्रथम देशकालाचा उच्चार करावा, आपण कोणत्या प्रदेशात, नदीच्या कोणत्या तीरावर आहोत ते सांगावे, मग आपले गोत्र, नाव व कर्म सांगावे. गाव बदलले की स्थळाचे शब्द बदलतात. कर्ता व कर्म तेच राहतात.