आधी आपल्या माणसांचे चेहरे

मोखाडा

चि. लाडक्या विद्यार्थ्यास,


इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाल्याचं वाचून ऊर भरून आला. फोटोवरून चेहरे काढून देण्याची कामं आताच मिळतात, तर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात वर्षं कशाला घालवायची, असं विचारलंस. माझं म्हणणं, जा. चित्रकार पेस्तनजी बोमनजींकडे बघ, म्हणजे कारण समजेल.

त्यांचा जन्म १८५१चा. जे. जे.त ते तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्ससाहेब यांच्या हाताखाली शिकले. १८७२ ते १८८५ या काळात साहेबांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्या कामात पेस्तनजी होते. ओठांचं वळण, मानेची कलती ठेवण, अर्धे मिटलेले डोळे, हे सगळं अनामिक चित्रकारांकडून हाताने शिकायचं. पुढे लंडनला ठेवलेल्या त्यातल्या कितीतरी प्रतिकृती आगीत जळाल्या, पण मुरलेला हात शाबूत राहिला. १८७७च्या दिल्ली दरबाराचं चित्र करायला आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेपकडून त्यांनी तैलरंगातली व्यक्तिचित्रणाची रीत घेतली. आणि एवढी तयारी करून रंगवलं काय? आपल्याच पारशी घरांतली माणसं. पोपटाला खाऊ घालणारी बाई त्यांनी १८८२ साली रंगवली. तंत्र दूरचं घेतलं, माणसं मात्र घरची ठेवली.

फोटोत उजेड एका क्षणी गोठतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र तासाभरात अनेकदा बदलतो. त्यातला खरा कोणता, हे ओळखण्याची नजर शिक्षकासमोर बसून, चुका पुसून, पुन्हा काढूनच येते.

जाईपर्यंत रिकामा बसू नकोस. दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्याआधी रोज एक चेहरा काढ. नागली झोडणारी आजी, तारपा वाजवणारा म्हातारा, एसटीची वाट बघणारी पोरं, सगळे काढ. महागडे रंग नकोत, कोळसा आणि साधा कागद पुरे. आधी विचार, मग बसव. चित्राच्या मागे नाव, पाडा आणि तारीख लिही. एक चित्र त्या माणसाला दे.

आपल्या वारली चित्रात माणूस दोन त्रिकोणांत उभा राहतो. तिथे सगळे मिळून नाचतात, एकट्याचा चेहरा नसतो. ती रेषा सोडू नकोस. समूह तिने सांभाळला आहे, एकेकट्या माणसाची नोंद आता तू ठेव. आपल्या डोंगरातल्या माणसांची तसबीर क्वचितच कुणी काढली. त्यांच्या घरी भिंतीवर लावायला पूर्वजांचं चित्र नाही. ही उणीव भरून काढण्याइतका तुझा हात चांगला आहे, म्हणूनच तो अर्धवट शिकलेला राहू नये असं मला वाटतं.

प्रवेशाचा अर्ज आधी भर. फोटोवरची कामं खर्चापुरतीच घे.

तुझे ड्रॉइंगचे सर