पुण्य कशासाठीं?

पनवेलहून दक्षिणेस जातांना कर्नाळ्याचा किल्ला लागतो. त्याच्या माथ्यावरील अंगठ्यासारख्या सुळक्यास मधमाशांचीं पोळीं लागतात. या भागांतील ठाकर लोकांवर गोपाळ नीळकंठ दांडेकर यांनीं 'जैत रे जैत' ही कादंबरी लिहिली, व तिच्यावरून १९७७ सालीं जब्बार पटेल यांनीं त्याच नांवाचा चित्रपट काढिला. या पानावर चित्रपटाविषयीं लिहिणें कित्येक वडील मंडळींस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी त्यांतील प्रश्न आपल्या मंडळ्यांच्या दाराशींच उभा आहे.

नाग्या हा भगताचा पोर. डोंगरावरील राणीमाशी पुण्यवंतासच दिसते, असें तो बापाकडून ऐकतो, व पुण्यवंत होण्याचा ध्यास घेतो. शेवटीं डोंगरावर जातो, तों माशी डसून त्याचा एक डोळा जातो. मग भक्तीचें वैर होतें. पुढें तो पोळीं उठवितो, जैत म्हणजे जय मिळवितो. परंतु त्याच्यासंगें डोंगर चढलेली त्याची चिंधी माशांच्या डंखांनीं मरते.

नाग्याचा राग आम्हांस खोटा वाटत नाहीं. ज्यानें आपला शब्द पाळिला, त्यानें जाब कां विचारूं नये? ईयोबानेंही विचारिला, आणि अखेरीस देवाचा कोप झाला तो देवाची बाजू मांडणाऱ्या त्याच्या मित्रांवर. मात्र नाग्याच्या सुडाची किंमत चिंधीनें भरिली, हें विसरतां येत नाहीं.

परंतु मूळ चूक कोणाची? पुण्य हें राणीमाशी पाहण्याचें मोल आहे, असें पोरास शिकविलें कोणीं? ईयोबाची भक्ति लाभासाठींच आहे, अशी शंका सैतानानें काढिली होती. आणि आम्ही उपदेशक तीच गोष्ट सुवार्ता म्हणून सांगत फिरतों! प्रभूकडे या, आजार जाईल, पीक येईल. मग ऐन लावणींत नव्या विश्वासणाऱ्याचा बैल मरतो, वाडींतील लोक म्हणतात, "देव सोडलास, त्याचें हें फळ," आणि तो बांधव आमच्या तोंडाकडे पाहतो. त्याचा विश्वास कमी पडला, असें म्हणून आम्ही सुटूं पाहतों. हें तर भगतही म्हणाला असता.

ईयोबाचे मित्र प्रथम सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. त्यांचें बिघडलें तें पुढें, बोलूं लागल्यावर.