दान, करार आणि दाराबाहेरचा माणूस

दिल्लीतील अन्सारीनगर भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या फाटकाबाहेर, पदपथावर आणि भुयारी मार्गांत चादरी अंथरून राहिलेली कुटुंबे दिसतात. कोणी बिहारमधून आलेले असते, कोणी बुंदेलखंडातून, कोणी विदर्भातूनही. त्यांच्या उशाशी दोन वस्तू हमखास असतात : तपासण्यांच्या कागदांची फुगलेली पिशवी आणि स्टोव्ह. आतल्या इमारतीत वैद्यकशास्त्राची परमावधी आहे आणि बाहेर तिची प्रतीक्षा आहे. या दोहोंमधील अंतर काही पावलांचेच असले, तरी ते ओलांडण्यासाठी काय लागते हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही, नीतिशास्त्राचा आहे.

याच संस्थेत ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. पी. वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. त्यापूर्वी महिनाभरच आधी, जुलै १९९४ मध्ये, मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. मेंदूचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, हे या कायद्याने मान्य केले. अवयव देता येईल पण विकता येणार नाही, हेही ठरवले. देहाला किंमत नाही, कारण तो अमूल्य आहे, ही भूमिका उदात्त होती आणि आजही आहे.

परंतु कायद्याच्या मजकुरातच एक विलक्षण बारकावा आहे. अवयवासाठी मोबदला देणे हा गुन्हा. मात्र अवयव काढण्याचा, नेण्याचा, टिकवण्याचा खर्च, किंवा दात्याची बुडालेली मजुरी भरून देणे, हा मोबदला नव्हे, असे त्याची व्याख्या सांगते. म्हणजे अवयव अमूल्य असला तरी त्याच्याभोवतीचे सारे काही समूल्य आहे, हे कायदेकर्त्यांना पुरते ठाऊक होते. शस्त्रक्रिया, रक्तगटाच्या व ऊतींच्या जुळणीच्या तपासण्या, अतिदक्षता विभागातील दिवस आणि त्यानंतर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून जन्मभर घ्यावयाची औषधे, या सर्वांना बाजारभाव आहे. तो कोणी द्यावा, याविषयी हा कायदा मौन पाळतो. दान विनामूल्य आणि दानाचा स्वीकार मात्र लाखमोलाचा, अशी ही विसंगती आहे.

हे मौन भरून काढण्याचे काम मध्यमवर्गाने विम्यावर सोपवले. ‘विमा’ या शब्दाचे नाते फारसीतील ‘बीम’ म्हणजे भय या शब्दाशी सांगितले जाते. भय एकट्याने वाहू नये, ते अनेकांत वाटून घ्यावे, ही विम्यामागची मूळ कल्पना आहे आणि ती हिशेबाची असली तरी करुणेला पारखी नाही. जो आजारी पडला नाही त्याचा हप्ता आजारी पडलेल्याच्या कामी येतो, आणि दोघे एकमेकांस ओळखतही नाहीत. दावा नाकारणारी विमा कंपनी नेहमीच खलनायक असते असे मानणे म्हणूनच सोपे, पण अपुरे आहे. तिच्या पेटीतील पैसा हा इतर विमाधारकांचाही आहे. आजार लपवून विमा घेणारा केवळ कंपनीस नव्हे, तर त्या अनोळखी सहप्रवाशांनाही फसवतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निकालात काढलेल्या एका प्रकरणात हाच युक्तिवाद मान्य झाला. विमाधारकाने १९९० साली आरोग्यविमा घेतला आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार त्याने प्रस्तावपत्रात नमूद केला नव्हता. विमा हा परम सद्भावनेचा करार आहे, विमाधारकाच्या ज्ञानातील महत्त्वाची गोष्ट त्याने सांगितलीच पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने कंपनीचा नकार ग्राह्य धरला. निर्णयाच्या तर्कात खोट काढता येत नाही. तरी एक गोष्ट मनात रेंगाळत राहते : माणूस काही महिन्यांत गेला आणि निवाडा एकोणीस वर्षांनी आला. देहाचे घड्याळ आणि न्यायाचे घड्याळ यांचे काटे असे वेगवेगळ्या गतीने फिरत असतील, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी तो रुग्णाच्या कामी येत नाही.

सद्भावना मात्र एकतर्फी असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मधील दुसऱ्या एका निकालात हे स्पष्ट केले. परदेशप्रवासासाठी विमा घेतलेल्या गृहस्थाने आपला मधुमेह सांगितला होता. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आल्यावर, चरबी कमी करणारी औषधे चालू असल्याचे सांगितले नाही म्हणून दावा फेटाळला गेला. प्रकृतीची माहिती घेऊन, ती जोखून विमा दिल्यावर, सांगितलेल्या आजाराचेच निमित्त करून कंपनीस मागे फिरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. नियामक संस्थेनेही २०२४ साली पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल चार वर्षांवरून तीनवर आणला आणि सलग पाच वर्षे हप्ते भरल्यानंतर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही असे केले. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

या सर्व सुधारणांमागे एक नैतिक तत्त्व दडलेले आहे. प्रश्न विचारण्याची योग्य वेळ कोणती? हप्ता घेताना न विचारलेला प्रश्न रुग्ण खाटेवर पडल्यावर विचारणे, हे कायद्याच्या चौकटीत कदाचित बसेल. पण त्यात विश्वासाचा गाभा उरत नाही. अक्षराला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा ते दोन्ही पक्षांनी एकाच वेळी वाचलेले असते.

येथे दिल्लीच्याच दुसऱ्या एका कराराकडे वळणे आवश्यक ठरते. राजधानीतील अनेक खाजगी रुग्णालयांना सार्वजनिक जमीन सवलतीच्या दराने मिळाली. काही खाटा गरिबांसाठी विनामूल्य ठेवण्याची अट त्या बदल्यात होती. ही अट कागदावर राहिली, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली आंतररुग्ण विभागात १० टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार करण्याचे बंधन उचलून धरले. त्यानंतरही वाद चालला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन पुन्हा अधोरेखित केले. आता हे दोन करार शेजारी ठेवून पाहावेत. रुग्णाच्या प्रस्तावपत्रातील एक कोरी ओळ समाज काटेकोरपणे वाचतो. रुग्णालयाच्या भाडेपट्ट्यातील स्पष्ट ओळ मात्र त्याने वर्षानुवर्षे वाचलीच नाही. दुर्बलाच्या वचनाला जो काटेकोरपणा लावला जातो, तो सबलाच्या वचनाला लावला जात नसेल, तर करारनिष्ठा हे नैतिक मूल्य न राहता केवळ सोयीचे हत्यार होते.

नकाराचे पत्र आल्यावर खर्च नाहीसा होतो असे नाही. तो खाली घरंगळतो. प्रथम घरातील दागिने, मग जमीन, मग सावकार. आणि याच उतारावर आणखी खाली दुसऱ्या एका गरिबाचा देह असतो. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीलगतच्या गुडगावात उघडकीस आलेल्या मूत्रपिंडांच्या व्यापाराने हेच दाखवले : कामाचे आमिष दाखवून आणलेल्या मजुरांच्या शरीरातून काढलेले अवयव पैसेवाल्यांस विकले जात होते. हा उतार कधीकधी घराच्या आतही असतो. देशात १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी केवळ ६,९४५ स्त्रियांवर झाली. जिवंत दात्यांमध्ये मात्र आई, पत्नी, बहीण यांचीच संख्या मोठी आहे. त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या घरात कमावत्याचे जगणे आधी मोजले जाते, तेथे ‘स्वेच्छा’ हा शब्द किती मोकळा असतो, हे विचारण्याचे कारण निश्चित आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. एका प्रत्यारोपणाच्या खर्चात शेकडो बालकांचे लसीकरण होईल. मग मर्यादित तिजोरीने एकाच देहावर इतके का वेचावे? दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०१४ साली एका रिक्षाचालकाच्या मुलाचा प्रश्न आला, तेव्हा हाच पेच होता. मुलाला दुर्मिळ आनुवंशिक आजार होता आणि औषधाचा खर्च दरमहा लाखांत होता. न्यायालयाने शासनाला उपचार देण्याचा आदेश दिला. परंतु एका मुलापुरते उघडलेले दार बाकीच्यांसाठी उघडले असे होत नाही.

या आक्षेपाला उत्तर इतकेच की, वाटप मर्यादित असणे अन्याय नव्हे. ते गुपचूप, नंतर आणि माणूस पाहून करणे अन्याय आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत सर्वसाधारण मर्यादा दीड लाखाची आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची होती. रक्कम अपुरी होती, याविषयी दुमत नसावे. पण ती जाहीर होती. कुटुंबाला आपले आकाश किती आहे ते आधी कळत होते. दारिद्र्य सोसता येते. दिलेले वचन ऐन वेळी मोडले जाणे सोसत नाही, कारण त्यात धनाबरोबर मानही जातो.

दानाची चर्चा निघाली की आपल्याकडे दधीचीचे नाव निघते. त्याने अस्थी दिल्या, हे सर्वांना आठवते. त्या कोणी मागितल्या, हे सहसा आठवत नाही. मागणारे एकटेदुकटे नव्हते. सारा देवगण एकत्र येऊन मागावयास गेला होता, कारण संकट सर्वांचे होते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, तेव्हाही प्रथम आपल्या वाट्याचीच बुडवली; दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. करुणा आणि हिशेब यांत वैर नसते, हे या दोन्ही कथांत आहे. आधुनिक काळाने दान दात्याच्या देहावर टाकले आणि याचना एकेका कुटुंबावर. अन्सारीनगरच्या पदपथावर बसलेल्या माणसाच्या हातात दात्याचे संमतिपत्र आहे, पत्नीचे किंवा आईचे. देणारे मिळाले आहे. मागावयास मात्र तो एकटाच आला आहे, आणि त्याच्यामागे कोणी उभे राहावे की नाही, हे अजून ठरावयाचे आहे.