दोघींची वाकळ

13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून निघालेलं भारतीय लष्कर नळदुर्गात आलं. बोरी नदीवरचा पूल त्याच्या ताब्यात गेला आणि 17 तारखेला हैदराबादच्या निजामानं शरणागती पत्करली. त्याआधी निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी गावं लुटली होती, माणसं मारली होती. शरणागतीनंतर मुसलमानांवर सूड उसळला. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक हानी झालेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत नळदुर्गाचा उस्मानाबाद होता. ही गोष्ट पुढच्या उन्हाळ्यातली.

नळदुर्गात किल्ल्याजवळच्या गल्लीत समोरासमोर दोन घरं होती. एकीचा नवरा रझाकारांनी मारला, दुसरीचा सुडाच्या दिवसांत गेला. पूर्वी एकमेकींकडून विरजण नेणाऱ्या या दोघी आता पाण्याला जातानाही वाट बदलत.

गल्लीत वाकळा शिवणारी एक म्हातारी होती. तिनं दोघींना वेगवेगळा निरोप धाडला, "मला आता दिसंना. एक वाकळ शिवू लाग. येताना घरचं जुनं कापड आण."

एकीनं नवऱ्याचं धोतर आणलं, दुसरीनं सदरा. दोन्ही कापडं पेटीच्या तळाशी होती. ती धुवायलाही हात धजला नव्हता. समोरचीला पाहताच दोघी माघारी वळल्या, पण म्हातारीनं कापडं हातातून घेतलीही होती. धोतर खाली, सदरा उसवून वर, मध्ये जुनी लुगडी.

दोघी दोन कडांना बसल्या. एकीनं रागानं दोरा ओढला की दुसरीकडं चुण्या पडत. म्हातारी ओळ उसवायला लावी. पुन्हा तेच. अखेर सदरावाली म्हणाली, "आक्का, दोरा जरा ढिला सोड."

"भाबी, तुझाबी ताण लई हाय."

वाकळ एका बैठकीत होत नाही. रोज दुपारी त्या बसू लागल्या. सुई चालू असली की बोलताना समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. शिवणकामाचं हे फार मोठं बळ आहे, असं मला वाटतं. धोतरावरच्या हळदीच्या डागावरून आक्कानं लग्न सांगितलं. भाबीनं नवऱ्याची शेवटची सकाळ सांगितली. मग एके दिवशी आक्काच्या तोंडून निघालं, "तुमच्याच माणसांनी केलं समदं."

भाबीची सुई थांबली. म्हातारी म्हणाली, "हा सदरावाला कुणाला मारायला गेला हुता का? आन् त्यो धोतरवाला? ज्यानं केलं त्याचा राग, जी समोर बसलीय तिच्यावर काढू नगा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आक्कानं भाबीच्या सुईत दोरा ओवून दिला.

मृगाआधी वाकळ झाली. म्हातारीनं ती ठेवून घेतली नाही. पावसाळ्यात भाबीकडं, हिवाळ्यात आक्काकडं, असं ठरलं. पावसात भाबीच्या लेकराला ताप भरला, तेव्हा उशाशी आक्का बसली. थंडी पडताच भाबीनं वाकळ धुऊन, उन्हात वाळवून स्वतः समोरच्या घरी नेली. एका कोपऱ्याचे टाके निघाले होते, म्हणून सुईदोराही बरोबर घेतला.