पाण्यांत न उतरणारा गळ

पॅसिफिक महासागरांत फिलिपाईन्सच्या पूर्वेस मारियाना बेटांची एक लांब ओळ आहे. ग्वाम, रोटा, टिनियन व सायपान हीं त्यांतील मुख्य बेटें, आणि तेथील मूळचे रहिवासी चामोरो लोक होत. त्यांच्यांतील कांहीं कारागीर आज शिंपला, हाड किंवा लांकूड कोरून मासे धरावयाचे गळ करितात. परंतु हे गळ समुद्रांत टाकण्यासाठीं नसून गळ्यांत घालण्यासाठीं असतात. आमच्या मनांत प्रश्न येतो तो असा कीं, ज्या हत्याराचें काम संपलें तें पुनः घडवीत बसणें हा प्रामाणिक उद्योग होय, कीं नुसता देखावा?

पूर्वीं हें काम पोटासाठीं होतें. बेटांवर लोखंड मुळींच नव्हतें. शिंपल्याचा तुकडा फोडून घ्यावयाचा व घासून घासून त्यास आंकडीचा आकार आणावयाचा. मोत्यासारखी झळाळी असलेला शिंपला पापुद्र्यांचा बनलेला असतो. हात किंचित् जड पडला कीं सगळी मेहनत दोन तुकडे होऊन पदरांत पडते. असल्या गळास मासा लागला म्हणजे हिसका देऊनहि चालत नाहीं. तरी ह्या लोकांची मजल लहान नव्हती. रोटा बेटावरील मोचोंग येथील उत्खननांत मार्लिनसारख्या खोल समुद्रांतील प्रचंड माशांचीं हाडें सांपडलीं आहेत.

मग लोखंड आलें. १५२१ सालीं मॅगेलानचीं जहाजें ग्वामजवळ आलीं. बेटकरांनीं त्यांची एक लहान होडी नेली, म्हणून त्यानें चाळीस-पन्नास घरें जाळलीं, सात माणसें मारलीं, आणि बेटांस ‘चोरांचीं बेटें’ असें नांव पडलें. (चोर कोण, हें वाचकांनींच ठरवावें.) १५६५ सालीं लेगास्पी आला तेव्हां लोक भाताच्या बदल्यांत खिळे मागूं लागले. लोखंडाचा गळ शिंपल्यासारखा फुटत नाहीं. ज्याचीं मुलें जेवणाची वाट पाहत बसलीं आहेत, त्यानें पूर्वजांच्या शिंपल्यास चिकटून राहावें असें दूर बसून म्हणणें फार सोपें आहे. त्या कोळ्यास आम्ही तिळमात्र दोष देत नाहीं.

ह्याहून मोठा घाला पुढें पडला. १६६८ सालीं सान व्हितोरेस हा जेझुइट पाद्री ग्वामला उतरला. त्याच्याबरोबर शिपाईहि होते, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. लढाया, रोगराई, व लोकांना घरांतून उठवून ठराविक गांवीं वसविणें ह्यांमुळें १७१० च्या गणतीच्या वेळीं चामोरो लोक चार हजारांहूनहि कमी उरले. अठराव्या शतकांत त्यांच्या वेगवान शिडाच्या होड्याहि नाहींशा झाल्या. शिकविणारेच गेले, तेथें विद्या कोणाच्या हातांत राहावी?

म्हणून आजच्या कारागिरास आम्ही एकच कसोटी लावूं. त्याचा गळ उद्यां दोरीस बांधून सोडला तर मासा धरील काय? टोंक व दांडा ह्यांमधील अंतर, दोरी अडकण्याची खांच, वळणावरील जाडी, हें सर्व बरोबर साधलें असेल, तर तो गळ कोणाच्या छातीवर जन्मभर लटकला तरी खोटा नव्हे. घासतांना किती जोर द्यावा हें पुस्तकांत लिहून ठेवतां येत नाहीं; तें हातांतच राहतें, आणि हात थांबला कीं जातें. याच्या उलट, केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठीं आंकडीचें सोंग आणलेला तुकडा दिसावयास तितकाच सुंदर असूं शकेल. विकत घेणारास भेद कळणार नाहीं. करणारास कळतो, आणि दोघांपैकीं त्यालाच तो ठाऊक असल्यानें जबाबदारीहि त्याचीच.

आणखी एक गोष्ट राहिली. ‘हिमा’ नांवाच्या अवाढव्य शिंपल्यापासून हे लोक ‘सिनाही’ म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचें पदक करितात, व त्यास मोठा मान आहे. हा जीव फार सावकाश वाढतो. अशा जातींच्या परदेशीं व्यापारावर १९८५ सालापासून आंतरराष्ट्रीय कराराचा निर्बंध आहे. पूर्वज त्याचें मांस खात व कवच वापरीत, तें समजण्यासारखें आहे. नुसत्या पदकासाठीं जिवंत हिमा खडकावरून उपटणें मात्र आम्हांस पटत नाहीं. फार पूर्वीं मेलेल्या शिंपल्याचें कवच किंवा जेवणांतून उरलेलें गुराचें हाड घेऊन बसणाऱ्यास ही अडचण पडत नाहीं. इतरांस मात्र शिंपला कोठून आणला, हें गिऱ्हाइकानें पैसे देण्यापूर्वीं अवश्य विचारावें.